जिना बंद

राहीबाईंना साताऱ्यातल्या आपल्याच घराचा खालचा मजला हवा होता. गुडघे गेले होते, आणि वर चढताना त्या पायरीपायरीला ओवी म्हणावी तशा कण्हत. पण सासऱ्यांनी ठेवलेला भाडेकरू बंगला बांधून, दारात दोन गाड्या लावूनही जुन्याच भाड्यात खाली ठाण मांडून बसला होता. कोर्टात त्याचं म्हणणं एकच, म्हातारीला खालच्या जागेची खरी गरजच नाही.

एके सकाळी कळ सोसेना, तशा त्या बसत-सरकत जिना उतरल्या आणि हाडांच्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसल्या. नंबर आला. डॉक्टरांनी तोंडाकडं न बघता एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला.

"आजी, जिना एकदम बंद. आजपासून खालच्या मजल्यावरच राहायचं."

"आवं, मला तरी कुठं वर ऱ्हायाचं हाय? पर खालचा भाडेकरू उठत न्हाई."

"मग काढा की त्याला बाहेर! तुमच्या पायांपेक्षा भाडेकरू मोठा आहे का?"

राहीबाईंनी पदर सावरला.



"बरं झालं, तुमीच बोललासा. मग दवाखाना कवा हलवताय, डॉक्टर?"