सुटा दगड

देव जागचा हलत नसतो. कामथडीच्या खालच्या शिवारातल्या म्हसोबाबद्दल तर याविषयी दुमत नव्हतंच. वर्षातून एकदा, जत्रेच्या आदल्या पहाटे, गेनबा आणि त्याचा पुतण्या इंद्रजित त्याला उचलून ओढ्यावर आंघोळीला नेत आणि उजाडायच्या आत परत आणून बसवत, तेवढं सोडून. पण ते घरातलं होतं. देवाची आंघोळ कुणी चारचौघांत सांगत नाही.

आज अमावास्या, म्हणून गेनबा नारळ घेऊन आला होता. शिवाराचं आता गोल्फचं मैदान झालं होतं. जमीन देताना त्याने एकच अट घातली होती: देव जागेवर आहे तोवर आपल्या घरच्यांना गेटातून आत यायची वाट. मॅनेजरने ती हसत मान्य केली होती. तोंडी. ज्या मातीत जन्म गेला तिच्यावर पाय ठेवायला गेनबाला देवाचंच काय ते निमित्त उरलं होतं.

नारळ फोडून तो वळतोय तोच एक बॉल उडत आला आणि म्हसोबाच्या बुडाला टेकला.

मागोमाग बॅटरीच्या गाडीतून साहेब आले, शेजारी मॅनेजर. स्पर्धा चालू होती. साहेबांची काठ्यांची पिशवी इंद्रजितच्या खांद्यावर होती. हे कॅडीचं काम त्याला गेनबाच्याच शब्दावर लागलं होतं. पुढच्या महिन्यात ते कायम व्हायचं होतं, आणि या खेपेला शब्द साहेबांचा लागणार होता.

साहेबांनी देवाला नमस्कार केला आणि सवलत मागितली. शेंदूर फासलेला दगड म्हणजे माणसाने केलेली वस्तू. ती आड आली तर बाजूला बॉल टाकून खेळता येतं, दंड पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पिशवीतली सगळ्यात लांब काठी काढून त्यांनी ती खोबऱ्याच्या तुकड्यांवरून आडवी ठेवली, तेवढं अंतर मोजून खूण केली, आणि खिशातला दुसरा बॉल घेऊन वाकले. बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडत. साहेबांच्या पोटाला हा बदल मानवलेला नव्हता.

गेनबाला मात्र हे सगळं पसंत होतं. बॉल हलतोय, देव राहतोय.

पण पंच म्हणून पुण्याहून आलेल्या बाईंनी साहेबांना तसंच वाकलेलं थांबवलं. रंग लावल्याने दगड माणसाने केलेला ठरत नाही, म्हणाल्या. दगड तो दगडच. प्रश्न एवढाच, की तो जमिनीत पक्का रुतलेला आहे की सुटा. रुतलेला असेल तर बॉल आहे तिथून खेळा. सुटा असेल तर उचलून बाजूला ठेवा.

“पाताळापातुर गेलाय, बाई,” गेनबा म्हणाला. “माझ्या आज्याच्या बापानं खणून बघितलं व्हतं. बूड लागलं न्हाई.”

हलवून बघावं म्हणून बाई पुढे झाल्या, पण ओला शेंदूर पाहून त्यांनी हात आवरला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी इंद्रजितकडे. गेनबाही निर्धास्तपणे इंद्रजितकडेच बघत होता. साक्षीदार घरचा होता.

इंद्रजितने आधी पिशवीचा पट्टा सारखा केला.

“सुटा हाय मॅडम,” तो म्हणाला. “दर साली आमीच उचलतो. आंघोळीला.”

पुढचं फार व्यवस्थित झालं. बॉल हलला तर साहेबांना एका फटक्याचा दंड होता. देव हलला तर कुणालाच नव्हता. इंद्रजित उकिडवा बसला, दगडाच्या दोन्ही अंगांनी हात घातले आणि बॉलला वाराही लागू न देता म्हसोबाला छातीशी घेतलं. बाईंनी कौतुकाने मान डोलावली. ही उचल त्याला गेनबानेच शिकवली होती.

देवाला त्याने गवत कापायच्या यंत्राशेजारी ठेवलं आणि साहेबांच्या पांढऱ्या टॉवेलला हात पुसले. टॉवेलला शेंदूर लागला म्हणून त्याने लगेच साहेबांची माफी मागितली.

फटका झाला की देव परत बसवायचा ना, असं गेनबाने बाईंना विचारलं. नियमात तसं काही नाही, बाई म्हणाल्या. मॅनेजर मात्र आपणहून पुढे आला. देव हलतोच आहे म्हटल्यावर आता चिंता कसली, त्याने गेनबाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. गेटाबाहेर छान चौथरा बांधून देऊ, वर पत्रा टाकू, तुम्हाला आत यायचा त्रासच नको.

गेनबा पुतण्याजवळ गेला.

“घरातलं बोलणं मैदानात आणलंस, इंद्रा.”

“खोटं कसं बोलू, तात्या? या खेळात खोटं चालत न्हाई.”

“मग मला तरी आदी सांगायचंस,” गेनबा म्हणाला. “म्या बी नसतो बोललो.”

इंद्रजित पिशवीकडे वळला. साहेबांनी काठी मागितली होती.

कुणीतरी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मॅनेजरने मोबाईल बंद केला. साहेबांनी पाय रोवले, लांबच्या झेंड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, हवेत दोनदा काठी फिरवून घेतली, श्वास धरला आणि मारला.

बॉल चार हात पुढे गेला.