बी काढलेले रिठे

"गाडीवर पानं पडतात. पक्षी बसतात, आणि पुढचं मी सांगायला नको," चेअरमन श्रीनिवास आपटे सभेत म्हणाले. "झाड काढायला अर्ज करू या."

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत तीन इंजिनिअर, दोन सीए आणि एक दातांचे डॉक्टर होते. झाडाच्या बाजूने बोलायला कोणीच उठलं नाही.

मग तळमजल्यावरच्या हेमाताई उठल्या. निवृत्त शिक्षिका. ते झाड त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं, आणि एकोणतीस वर्षं त्यांचा सकाळचा चहा त्याच्यासोबत होत आला होता. त्यांनी पिशवीतून मूठभर तपकिरी, सुरकुतलेली फळं काढून टेबलावर ठेवली.

"रिठे," त्या म्हणाल्या. "आज सकाळी झाडाखाली वेचले. यांच्या पाण्यात कपडे लख्ख निघतात. पावडर नको, साबण नको."

"निघाले तर झाड राहील," श्रीनिवास म्हणाले. "माझा शर्ट घ्या. आधी कॉलर बघा, मग बोला."

हेमाताईंनी कॉलर बघितली. बोलण्याऐवजी आणखी दोन रिठे घेतले. रिठे रात्रभर भिजत घातले, सकाळी उकळून कुस्करले, गाळले आणि त्या फेसाळ पाण्यात शर्ट बुडवला. संध्याकाळी तो वाळून चेअरमनच्या हातात आला. कॉलर मुळात पांढरी होती, हे त्यांच्या बायकोलाही तेव्हाच कळलं.

"वास नाही येत," श्रीनिवास म्हणाले.

"शर्ट आहे तो. उदबत्ती नाही."

झाड राहिलं. इतिवृत्तात मात्र श्रीनिवासांनी एक ओळ घातलीच: झाडाने रिठे देणे बंद केल्यास विषय पुन्हा सभेपुढे घ्यावा.

झाडाने बंद केलं नाही. हेमाताई रोज पहाटे कापडी पिशवी घेऊन त्याच्याभोवती पाच फेऱ्या मारत, आणि सात वाजता लोक वेचायला उतरत. महिन्याभरात निम्म्या सोसायटीचे कपडे रिठ्याने धुतले जाऊ लागले. श्रीनिवासांनी तर झाडाखाली पाटी लावली: 'हे रिठे सोसायटीचे आहेत. बाहेरच्यांनी वाकू नये.' खाली स्वतःचं नाव. पाहुणे आले की ते आधी पाटी दाखवत, मग घर. शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनला दोनदा दाखवली.

पुढच्या जानेवारीत हेमाताई बाथरूममध्ये घसरल्या. घोट्याला प्लास्टर, महिनाभर अंथरूण. वरच्या मजल्यावरची ऋतुजा बघायला आली.

"माझ्या पायाचं राहू दे," हेमाताई म्हणाल्या. "रिठे पडतायत का?"

"मधे चार दिवस एकपण नव्हता, काकू. चेअरमन जाम टेन्शनमध्ये. नुसते वर बघत उभे. पण आता बघा, बदाबद पडतायत. आणि या वेळी बी काढलेलेच पडतायत. सो कन्व्हीनियंट."

ऋतुजा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये होती. तिला यात काही वावगं वाटलं नाही.

हेमाताई उशीला टेकून ताठ बसल्या. पाय दुखत असावा.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी त्यांनी रिक्षा केली आणि काठी टेकत मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्या.

"पाच किलो रिठे. नेहमीचे, बीसकट."

"तुमचे ठेवलेत बाजूला," दुकानदार म्हणाला. "बी काढलेले मात्र सगळे या साहेबांनी उचलले."

पोतं बांधत बसलेले साहेब वळले. श्रीनिवास होते. कॉलर पांढरीशुभ्र.

दोघं आधी एकमेकांकडे आणि मग एकमेकांच्या रिठ्यांकडे बघत राहिले.

"यंदा झाडाला जरा बरं नव्हतं," श्रीनिवास म्हणाले. "पाटीवर माझं नाव आहे हो. म्हणून थोडा हातभार लावला. आणि तुम्ही?"

"मीही हातभारच लावते. पहिल्या सभेच्या सकाळपासून."

श्रीनिवासांनी सुतळी हळूच खाली ठेवली.

"म्हणजे... मग ते झाड कसलं आहे?"

"मला काय विचारता?" हेमाताई म्हणाल्या. "मी इतिहास शिकवायचे."