‘समजलं नाही’चं बटण

एमएस्सीच्या वर्गात फोन बंद करायला लावून थकलो, शेवटी फोनलाच कामाला लावलं. फळ्यावर सिद्धता मांडून झाली की मुलं टोपणनावानं ‘समजलं’ किंवा ‘समजलं नाही’ दाबायची, आकडे पडद्यावर दिसायचे. तास ऑनलाइनही चालायचा. घरून बघणारा कुणी ‘ढ’ रोज ‘समजलं नाही’च दाबायचा आणि सगळं पुन्हा सांगावं लागायचं. घरी मी अंथरुणाला खिळलेल्या बायकोपाशी कुरकुरायचो, “हा ढ माझं डोकं खातो!” “सांगा की परत, तुमचं काय जातंय?” ती हसायची. गणिताशी तिचं शाळेपासून वाकडं. ती गेल्यावर तिचा फोन उघडला. माझाच तास लावलेला होता. टोपणनाव होतं ‘ढ’. आज ‘समजलं नाही’पुढे शून्य आलं. “सर, सगळ्यांना समजलंय. पुढे जाऊ या?” मुलं म्हणाली. मी फळा पुसला आणि तीच सिद्धता पहिल्या ओळीपासून मांडायला घेतली.