बेल चालला त्याची गोष्ट

देवाशपथ, शब्द न शब्द खरा हाय. भर दुपारी बेलाचं झाड चाललं. गंगम्मा चाकूरच्या बाजारातून परत आली आन् बघती तर बेल तारेच्या अलीकडं, तिच्या रानात!

सकाळी तो सरजाबाईच्या रानात होता. दोघींचा बांध एक, आन् बेल बरोबर त्या बांधावर. ही म्हणायची माझा, ती म्हणायची माझा. भांडण असं लई, की झाडावरची पाखरं दुसऱ्या गावाला ऱ्हायला गेली. शेवटी मशीन लावून सरकारी मोजणी झाली. बेल गेला सरजाबाईकडं. तिच्या लेकानं, रविकांतनं, खांब रोवून तार ओढली. म्हणला, सोयाबीनवर सावली पडती, सुगी झाली की तोडतो.

आता गंगम्माचं असं, की गळ्यातल्या लिंगाला बेल वाहिल्याबिगर ती पाण्याचा घोटबी घेत न्हाई. सरजाबाईला मागायला जीभ रेटंना. बेल शिळा होत न्हाई म्हणतात, म्हणून एकच पान रोज हौदावर धुवायची आन् वाहायची. पान झिजून जाळीवानी झालं. त्या दिवशी सकाळी धुता धुता बोटातच विरलं. सरजाबाई पलीकडून बघत होती.

गंगम्मा तशीच उपाशी चाकूरला गेली. सोमवार नव्हता, बेलवाली आलीच नव्हती. रिकाम्या हातानं, कोरड्या घशानं माघारी आली, तर हे नवल!

तिनं आधी बुंध्याला मिठी मारली. ताजं पान वाहिलं, तांब्याभर पाणी पिली. मग नारळ फोडला आन् अर्धी वाटी घेऊन सरजाबाईच्या दारात गेली. म्हणली, महादेवानं झाड चालवलं.

"मंग त्यालाच द्या की खोबरं, अव्वा. आमी कुठं मानतो तुमच्या देवाला?"

गंगम्मानं तिचा हात ओढून वाटी त्यात ठेवली. तळहात फोडांनी भरला होता. गंगम्मानं तो लई वेळ सोडलाच न्हाई.

"तू नगं मानू, बाई. मी मानते ना. म्हणून तर तुझ्या दारात आले."

हे सगळं खरं. एवढं एक माझ्या पदरचं: झाड हाय तिथंच हाय. चाललं ते कुंपण.