मातीची भर

"हळदीचं बेणं असं उघडं टाकलं तर आठवड्यात वाळेल," म्हणत आप्पांनी लेकीच्या, मेघनाच्या, कॅनडातल्या विनिपेगमधल्या अंगणात कंदांना मातीची भर लावली.

"आप्पा, ही हळद नाही, आयरिसचं फुलझाड आहे. कंदाच्या पाठीला ऊन लागलं तरच फुलतं म्हणे."

"म्हणे! इथं तळं गोठतं आणि तू ह्यांना उघड्यावर निजवतेस?" दर दिवाळीला सांगलीहून फराळासोबत स्वेटर आणि 'आता परत ये' असा निरोप धाडणारे आप्पा हसले.

मेघना हसली नाही. शेजारची म्हातारी घर विकून वृद्धाश्रमात गेली, तेव्हा नवऱ्यानं लावलेले हे कंद तिला देऊन गेली होती. एक फूल तरी दाखव, एवढंच म्हणाली होती. शेवटी ठरलं: एक ओळ आप्पांची, भर लावलेली; एक मेघनाची, उघडी.

आप्पा परतले, बर्फ पडला. मेघनाला राहवेना. तिनं आपल्या ओळीत थर्मामीटर खुपसला. बाहेर उणे तीस, बर्फाखाली जेमतेम उणे तीन. बर्फानंच पांघरूण घातलं होतं.

जूनमध्ये आप्पांच्या ओळीत नुसती पानं आली. मेघनाच्या ओळीत एक जांभळं फूल उमललं. तिनं ते व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवलं.

"आधी म्हातारीला नेऊन दे," आप्पा म्हणाले.

दिवाळीत पार्सल आलं. मेघनानं चकल्यांचा डबा काढून खोका झटकला.

"आप्पा, स्वेटर राहिला का?"

"राहिला नाही," फोनवर आप्पा म्हणाले. "यंदा भर लावली नाही."