चौथा ग्लास

"अजून," सीतारामकाका म्हणाले. "घाई करू नकोस. तोंड जरासं उघडं ठेव आणि पुन्हा घे."

क्षिप्राने ग्लास पुन्हा नाकाखाली धरला. आधी आला तो नुसता झणका. तो विरला आणि त्याच्यामागून एकेक वास सावकाश वर येऊ लागला.

"पिकून काळं पडलेलं केळं," ती म्हणाली. "मग गुऱ्हाळातली काहील. आणि काका, हसू नका, पण आमच्या आजीची लाकडी पेटी उघडल्यासारखं काहीतरी."

काका हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते. "पेटीत काय काय असायचं?"

"जुनी लुगडी. वेखंड. कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या लवंगा."

"लवंगा," ते देवळात बोलावं तसं हळू म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

कल्याणला त्यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दर गुरुवारी दुपारी हा तास चालायचा. एका डिस्टिलरीत त्यांनी तीस वर्षं ब्लेंडर म्हणून काढली होती. कुठल्या पिंपातली रम कुठल्या पिंपात किती मिसळायची, ते त्यांच्या शब्दावर ठरायचं. क्षिप्रा विठ्ठलवाडीहून यायची. ठाण्याच्या एका बारमध्ये ती तीन वर्षं इतरांच्या हाताखाली लिंबं कापत होती. मालक ऋतुराज आता खास रमचं काउंटर काढणार होता. तिला ते काउंटर हवं होतं, आणि त्याला मुंबईचा कुणी नावाजलेला माणूस. शेवटी तो म्हणाला होता, "परीक्षा देतेस? पास झालीस तर तुझं."

"ही रम कशासाठी?" काकांनी विचारलं.

"नुसती घुटक्याने घ्यायला. बर्फ नको, फार तर दोन थेंब पाणी. हिच्यात लिंबू-साखर ओतली तर आजीची पेटी कायमची बंद होईल."

"आणि मघाची, जमैकाची?"

"ती भांडखोर आहे. कॉकटेलला तीच. लिंबू घाला, पुदिना घाला, ती कुणाला दबायची नाही."

काकांनी तेही वहीत टिपून घेतलं. मग ते पुटपुटले, "आपल्याकडच्या उकाड्यात पिंपातली रम दरवर्षी केवढी तरी हवेत उडून जाते. दहा-बारा वर्षांनी खाली जे उरतं ते हे. मला अजून खरं वाटत नाही."

क्षिप्राने ग्लास उजेडात धरला. तळाशी दोन चमचे रम होती, आणि तेवढ्याशात आजी होती, गुऱ्हाळ होतं, तिने कधी न पाहिलेली बेटं होती. तिच्या अंगावर काटा आला.

मग ती एकदम ओरडली, "काकू, दूध लागतंय!"

रमाबाई बाल्कनीतून धावत आल्या. "समोर दूध करपलं तरी यांची समाधी मोडायची नाही! आणि तू गं, लग्न ठरलं की सासरी सांगू नकोस हो, दुपारची काय शिकायला जात होतीस ते."

"सासऱ्यांनाच शिकवीन की!" क्षिप्रा हसली. मग काकांकडे वळली. "ऋतुराज सरांनी परवा परीक्षेला तुम्हालापण बोलावलंय. म्हणाले, तुझ्या गुरूंना घेऊन ये."

काकांचं पेन थांबलं. "मी कशाला? मला आता काय कळतंय?"

"तुम्ही नसाल तर मला एक वास ओळखता यायचा नाही. खरंच."

रमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पातेलं उचलून त्या आत गेल्या.

शनिवारी सकाळी बार उघडायच्या आधी टेबलावर चार ग्लास मांडले होते. ऋतुराज समोर बसला होता. जुना बारटेंडर प्रशांत हाताची घडी घालून उभा होता. काका खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखे.

पहिल्या ग्लासला क्षिप्राने वेळ घेतला. "मळीची नाही, ताज्या उसाच्या रसाची. ओल्या गवताचा वास आहे. लिंबाची एक फोड, जराशी साखर, बास." दुसरी कॉकटेलची, तिसरी घुटक्याची. प्रशांतने हाताची घडी सोडली.

"चौथा आधी काकांना," ऋतुराज म्हणाला. "मानाचा."

काकांनी ग्लास उचलला. त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसेच बसले. मग त्यांनी ग्लास क्षिप्रापुढे सरकवला.

"तू सांग."

तिने वास घेतला. पुन्हा घेतला. झणका आलाच नाही. होता तो एकच गोडसर वास, त्याच्यामागे काही नव्हतं. तिचा चेहरा उतरला. चूक ठरली तर काउंटर गेलं. तिने काकांकडे पाहिलं. ते तिच्या तोंडाकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होते.

"सर," ती म्हणाली, "यात रम नाहीये. साखर जाळून पाणी घातलंय आणि केकमधला इसेन्स."

ऋतुराजने टेबलावर थाप मारली. "बाटली मी स्वतः भरलेली! प्रशांत, तू काल फसलास ना रे? आणि काका, तुम्ही म्हणजे कमाल! कळलं असून चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाहीत. असा गुरू मिळायला नशीब लागतं, क्षिप्रा. सोमवारपासून काउंटर तुझं."

काकांनी नुसते हात जोडले.

बाहेर आल्यावर ते दोघं तळ्याकाठी, तलावपाळीच्या कठड्यावर टेकले. क्षिप्राच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"इतके महिने मीच बडबडतेय," ती म्हणाली. "आज तुम्ही सांगा. त्या सगळ्या रममध्ये तुम्हाला कसला कसला वास यायचा?"

काकांनी नजर पाण्याकडे वळवली.

"तू सांगितलास तेवढाच," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता, त्यानंतर मला दुसरा कुठलाच वास येत नाही."