कोरा ब्रश

हिरड्यांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शाळेत दीडशे ब्रश वाटले आणि तुलनेसाठी एक कोरा, सीलबंद, कपाटात ठेवला.

महिन्याने वापरलेले ब्रश परत आले. कोऱ्याचेही केस फाकलेले होते. सील मात्र शाबूत.

त्यांनी झाडलोट करणाऱ्या मावशींवर खापर फोडलं.

“किल्ली तुमच्याच गळ्यात असते, बाई,” मावशी म्हणाल्या.

बाईंनी नवा सीलबंद ब्रश ठेवून कुलूप घातलं आणि समोरच खुर्ची टाकली. दुपारभर पापणी लवू दिली नाही.

मग कुलूप उघडलं. पाकिटाच्या आत गुलाबी फेस होता.

“मावशी, हे बघा.”

मावशींनी ब्रशकडे पाहिलंच नाही. मागे सरत त्या म्हणाल्या, “बाई, आधी तोंड पुसा. फेस ओघळतोय.”